समाजमाध्यमांवरचा वादग्रस्त मजकूर: आधी पुरावा, मग तक्रार, मग हटवणे

समाजमाध्यमावरच्या कोणत्याही मजकुराशी कायद्याच्या नजरेत तीन माणसे बांधलेली असतात: तो लिहिणारा, तो पुढे पाठवणारा आणि ज्याच्याविषयी तो लिहिला आहे तो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा या धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आज गावाचा ग्रुप आहे, भावकीचा आहे, दहावीच्या बॅचचा आहे आणि सोयाबीनच्या भावाचाही आहे. त्यामुळे यांपैकी कोणत्या ना कोणत्या भूमिकेत आपण रोजच असतो. अडचण आली की प्रश्न तेच येतात. बदनामी झाली तर पोलिसांत जावे की कोर्टात? नुसते फॉरवर्ड केले तरी गुन्हा होतो का? ॲडमिनला अटक होते का? स्क्रीनशॉट चालतो का? व्हायरल झालेला फोटो काढून टाकता येतो का?

बहुतेक प्रकरणे कायदा अपुरा असल्याने बिघडत नाहीत, उलट्या क्रमाने पावले टाकल्याने बिघडतात. आधी ग्रुपवर भांडण होते, मग दबाव आणून पोस्ट डिलीट करून घेतली जाते आणि शेवटी तक्रार द्यायला जावे तर हातात काहीच उरलेले नसते. पुढील माहिती योग्य क्रम समजावा यासाठी आहे.

कोणता मजकूर गुन्हा ठरतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधी घडलेल्या प्रकाराला जुनी कलमे लागतात. समाजमाध्यमांच्या संदर्भात नेहमी पुढे येणारी कलमे अशी:

- दोन समाजांत तेढ निर्माण करणे: न्याय संहितेचे कलम १९६, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.
- धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे: कलम २९९, तीन वर्षांपर्यंत.
- लोकांत घबराट किंवा वैर पसरवणारी खोटी माहिती, अफवा: कलम ३५३.
- बदनामी: कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा.
- स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग, नको असताना सतत संपर्क: कलम ७८.
- धमकी आणि खंडणी: कलम ३५१ आणि ३०८.
- दुसऱ्याच्या नावाने खाते चालवून फसवणूक: माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील ६६-सी आणि ६६-डी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.
- खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय काढणे किंवा पसरवणे: त्याच कायद्याचे ६६-ई. मजकूर अश्लील असेल तर ६७, लैंगिक कृतीचा असेल तर ६७-ए, मुलांविषयीचा असेल तर ६७-बी.

अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान करणारी पोस्ट किंवा कॉमेंट १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकते. या कायद्याच्या गुन्ह्यांत सहसा अटकपूर्व जामीन मिळत नाही. 'रागाच्या भरात लिहिले, नंतर काढून टाकले' असे म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही.

एक चूक चांगल्या हेतूने होते. लैंगिक अत्याचाराची घटना घडली की न्यायाची मागणी करणाऱ्या पोस्टमध्ये पीडितेचे नाव, फोटो, शाळा किंवा वडिलांचे नाव टाकले जाते. पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडिता अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायद्याचे कलम २३सुद्धा लागते. गाव आणि नात्यावरून ओळख पटत असेल तर नाव न लिहिणेही पुरेसे नाही.

फॉरवर्ड करणाऱ्याची जबाबदारी

'आला तसा पाठवला' ही ओळ मजकुराच्या वर लिहिली की आपण सुटलो, हा समज चुकीचा आहे. तामिळनाडूतील एका माजी आमदाराने महिला पत्रकारांविषयीची अपमानास्पद पोस्ट फेसबुकवर पुढे पाठवली होती. ती आपण वाचलीच नव्हती, असा बचाव त्याने केला. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो नाकारला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. मजकूर पुढे पाठवणारा त्याच्या परिणामांना जबाबदार असतो, हा त्यातला धडा आहे.

परिणाम किती भयंकर होऊ शकतात हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली.

धाराशिव जिल्ह्याला दोन प्रकारच्या अफवांचा विशेष धोका आहे. पहिला प्रकार भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लोहारा आणि उमरगा तालुक्यांतल्या घराघरात आजही आठवला जातो. सास्तूरसारख्या गावात जमिनीचा हलका हादराही माणसांना अंगणात आणतो. म्हणून 'आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार' हा संदेश इथे वेगाने पसरतो. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुठेच उपलब्ध नाही. तारीख-वेळ सांगणारा असा प्रत्येक संदेश त्यामुळे खोटाच असतो. दुसरा प्रकार पुराचा. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम भागाने जो पूर अनुभवला, तशा वेळी 'धरण फुटले' हा एक संदेश माणसांना चुकीच्या रस्त्यावर काढू शकतो. आपत्तीबाबत खोटा इशारा पसरवणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खरी माहिती जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर विचारता येते.

पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: संदेशात तारीख आणि ठिकाण आहे का, मूळ सांगणारा कोण आहे आणि हीच बातमी एखाद्या वर्तमानपत्रात किंवा प्रशासनाच्या अधिकृत खात्यावर आहे का. तिन्हींची उत्तरे मिळत नसतील तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा.

ग्रुप ॲडमिन: किती जबाबदार

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या निकालानुसार, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. त्याचा समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसला पाहिजे. तो मजकूर ॲडमिनने स्वतः उचलून धरला किंवा पुढे पाठवला, तर मात्र जबाबदारी त्याची स्वतःची असते. ॲडमिनने हे करावे:

1. ग्रुपच्या वर्णनात नियम मराठीत स्पष्ट लिहावेत.
2. तणावाच्या दिवसांत, सणांच्या मिरवणुकीत आणि निवडणुकीत 'फक्त ॲडमिन संदेश पाठवतील' ही सोय चालू करावी.
3. आक्षेपार्ह संदेश दिसताच आधी त्याचा पुरावा जपावा, मग 'सर्वांसाठी डिलीट' करावा आणि सदस्याला लेखी समज द्यावी.
4. ज्याला ओळखत नाही असा क्रमांक ग्रुपमध्ये ठेवू नये.

मत मांडण्याचा हक्क

कडवे मत आणि गुन्हा यांत फरक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरमधील दोन तरुणींना अटक झाली. त्या अटकेवर देशभर टीका झाली आणि त्यातूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला. त्या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६-ए रद्द केले. आज कोणी '६६-ए लावू' असे धमकावत असेल, तर असे कलम अस्तित्वातच नाही.

मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावरचा गुन्हाही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याने व्हॉट्सॲप स्टेटसवर कलम ३७० हटवण्याच्या निर्णयावर टीका केली होती. सरकारच्या निर्णयाला विरोध करणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या बाजूला, धार्मिक तेढीच्या एका स्टेटसचा गुन्हा रद्द करण्यास नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये नकार दिला. स्टेटस हे इतरांना काही सांगण्यासाठीच असते, तेव्हा ते जबाबदारीने ठेवावे, असा त्याचा आशय होता. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या स्टेटसवरून दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले, हे त्याच वर्षीचे उदाहरण.

ढोबळ कसोटी अशी: निर्णयावर, कामावर, धोरणावर टीका चालते. एखाद्या समाजाविरुद्ध द्वेष पेटवणे, हिंसेला चिथावणे किंवा व्यक्तीवर खोटा आरोप करणे चालत नाही. ग्रामपंचायतीच्या रस्त्याचे काम निकृष्ट झाले असे फोटोसह लिहिणे हे मत आहे. हाती कागद नसताना 'सरपंचाने पाच लाख खाल्ले' असे लिहिणे हा आरोप आहे.

सरकारी नोकरांवर जादा बंधने आहेत. सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार शासनाच्या धोरणांवर समाजमाध्यमांतून प्रतिकूल टीका करणे, गोपनीय कागद टाकणे यांबद्दल शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे लागते. शिक्षक आणि ग्रामसेवकांनी गावच्या ग्रुपवर लिहितानाही हे लक्षात ठेवावे.

पुरावा कसा जपावा

समजा, रात्री दहा वाजता गावाच्या ग्रुपवर आपल्या मुलीचा फोटो आणि खाली घाणेरडी ओळ आली. पहिली इच्छा उत्तर देण्याची होते. ते न देता हातातला फोन असा वापरावा:

1. संदेशाचा स्क्रीनशॉट घ्यावा. वर ग्रुपचे नाव आणि संदेशाची वेळ दिसली पाहिजे. मागचे-पुढचे दोन-तीन संदेशही घ्यावेत.
2. पाठवणाऱ्याचा क्रमांक वेगळा टिपावा. फोनमध्ये नाव सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटवर 'पिंटू' एवढेच दिसते, क्रमांक दिसत नाही. नावावर टॅप करून क्रमांक दिसणाऱ्या पडद्याचाही स्क्रीनशॉट घ्यावा.
3. फेसबुक, इन्स्टाग्रामवर नाव बदलता येते, म्हणून प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक कॉपी करून ठेवावी. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून ती लगेच टिपावी.
4. दुसऱ्या फोनने, ग्रुप उघडण्यापासून संदेशापर्यंत, सलग व्हिडिओ काढावा.
5. व्हॉट्सॲपच्या 'एक्स्पोर्ट चॅट' सोयीने संभाषण स्वतःच्या ईमेलवर पाठवावे.
6. मूळ प्रतीवर लाल गोल काढू नये, कडा कापू नयेत.
7. तो फोन विकू नये, रिसेट करू नये, दुरुस्तीला देऊ नये.

स्क्रीनशॉट न्यायालयात चालतो, पण एका अटीवर. हा प्रश्न मराठवाड्यातल्याच एका खटल्यात निकाली निघाला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने न्यायालयात हजर करून सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आता हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एकावर उपकरण वापरणारा आणि दुसऱ्यावर तज्ज्ञ सही करतो. म्हणूनच मूळ फोन जपणे सर्वांत महत्त्वाचे.

अपवाद एकच: मजकूर मुलांच्या लैंगिक छळाचा असेल तर त्याची प्रत काढून ठेवू नये आणि कोणालाही पाठवू नये. असा मजकूर बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. लिंक, क्रमांक, तारीख आणि वेळ कागदावर लिहून लगेच पोलिसांना कळवावे.

तक्रार कुठे आणि कशी

- पोलीस ठाणे: दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत मोफत मिळते.
- सायबर पोलीस ठाणे, धाराशिव: तांत्रिक तपास लागणारी प्रकरणे इथे नेता येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो.
- राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. स्त्रिया आणि मुलांविषयीच्या लैंगिक मजकुराची तक्रार इथे नाव न देताही करता येते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.
- १९३०: पैसे गेले असतील तर आधी या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.
- ११२ आणि १०९८: जिवाला धोका असेल तर पहिला क्रमांक, मुलांसाठी दुसरा.

अर्ज मोठा नसावा. तारीख, वेळ, ग्रुप किंवा पानाचे नाव, क्रमांक किंवा लिंक, मजकूर शब्दशः, तो आपल्याला कुठे आणि कसा दिसला, सोबत जोडलेल्या गोष्टींची यादी, एवढे पुरे. 'समोरच्याला अद्दल घडवा' असे लिहिण्यापेक्षा मजकूर जसाच्या तसा उतरवणे उपयोगी पडते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी. तिथेही दाद न मिळाल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदल्यावर तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

बदनामी: पोलीस की न्यायालय

निव्वळ बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस सहसा फक्त नोंद करून घेतात, आणि 'पोलिसांनी हाकलून दिले' ही तक्रार इथूनच जन्मते. बदनामीची खासगी फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तीन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत. मजकुरात अश्लीलता, जातीवाचक शिवी किंवा खोटे खाते असेल तर ते अर्जात स्वतंत्रपणे मांडावे, कारण त्यावर पोलीस थेट कारवाई करू शकतात. समोरच्याने सार्वजनिक हितासाठी खरे तेच लिहिले असेल, तर ती बदनामी ठरत नाही.

मजकूर हटवून घेण्याचा मार्ग

पुरावा हाती आला की मजकूर हटवून घ्यावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो.

1. ॲपमधील 'रिपोर्ट' सोय वापरावी आणि तक्रार अधिकाऱ्यालाही लिहावे. दोन्हींचे क्रमांक ठेवावेत.
2. साधी तक्रार जास्तीत जास्त ७ दिवसांत निकाली निघाली पाहिजे. नग्न किंवा लैंगिक चित्र, अथवा चेहरा जोडून केलेले बनावट चित्र असेल तर जास्तीत जास्त २ तासांत कारवाई झाली पाहिजे.
3. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.
4. प्रौढ व्यक्तीच्या खासगी चित्रांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही सोय आहे. अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या चित्रांसाठी 'टेक इट डाउन' आहे. चित्र आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त सांकेतिक ठसा कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून प्रती शोधून रोखल्या जातात.

खासगी फोटोवरून पैसे मागितले तर

अनोळखी व्हिडिओ कॉल, त्यात अश्लील दृश्य आणि नंतर 'नातेवाइकांना पाठवू' ही धमकी, असा हा प्रकार. पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढतच जाते. संभाषण, क्रमांक आणि ज्या खात्यावर पैसे मागितले त्याचा तपशील जपावा, मग क्रमांक ब्लॉक करावा आणि तक्रार द्यावी. कोणी पोलीस असल्याचे सांगून 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घातली, तर अशी कोणतीही कारवाई कायद्यात नाही हे लक्षात ठेवावे. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत.

या प्रकारात घरच्यांची भूमिका निर्णायक असते. मुलीचा फोन काढून घेणे किंवा शाळा-कॉलेज बंद करणे ही शिक्षा पीडितेलाच होते, आणि पुढच्या वेळी ती घरात काहीच सांगत नाही. ब्लॅकमेल करणाऱ्याचे सगळे बळ या भीतीतच असते. 'तुझे चुकले नाही, आपण मिळून तक्रार करू' असे एका माणसाने म्हटले की त्याचे बळ संपते.

आपल्याविरुद्ध तक्रार झाली तर

- पोस्ट घाईने पुसू नये. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वाढू शकतो. वकिलाचा सल्ला घेऊन ती मागे घ्यावी.
- सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली अशी नोटीस वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. रीतसर मिळालेल्या नोटिशीला मात्र वेळेवर हजर राहावे, नाहीतर अटक होऊ शकते.
- तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या प्रकरणात गुन्हा नोंदण्याआधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. भाषण आणि लेखनाच्या प्रकरणांत ती करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले. ही मुद्देसूद बाजू मांडण्याची संधी असते.
- फोन जप्त झाला तर पंचनाम्याची मागणी करावी. त्यावर फोनचा आयएमईआय क्रमांक आहे का, ते पाहावे.
- तक्रारदाराला किंवा त्याच्या घरच्यांना फोन करून समेटासाठी दबाव आणू नये.

नेहमी होणाऱ्या चुका

- प्रत्युत्तर म्हणून समोरच्याचा फोटो, पत्ता किंवा क्रमांक व्हायरल करणे. त्यामुळे फिर्यादीच आरोपी होतो.
- निषेध म्हणून आक्षेपार्ह पोस्टच पुन्हा टाकणे. निषेध करणाराच त्या मजकुराचा प्रसार करतो.
- भावकीच्या बैठकीत माफी घेऊन मिटवणे आणि ती लेखी न घेणे. पोस्ट सहा महिन्यांनी पुन्हा वर आली की हातात काहीच नसते.
- मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, शाळेचे नाव आणि जाण्या-येण्याची वेळ एकाच पोस्टमध्ये देणे.
- तक्रारीला महिने लावणे. सेवा कंपन्या लॉगिनच्या नोंदी कायम ठेवत नाहीत, आणि खोट्या खात्यामागचा माणूस शोधण्याचा धागा सहसा त्या नोंदींतच असतो.